आयसीयूतल्या पेशंटला पडून राहू द्यावं की लवकर हलवावं?

‘अहो, त्यांना आराम करू द्या,’ नातेवाईक कळवळून सांगतात. पण व्हेंटिलेटरवरच्या माणसाचे स्नायू आरामाने भरत नाहीत, झडतात. पहिल्या दहा दिवसांत मांडीचा पुढचा स्नायू जवळपास १८ टक्के आटल्याचं २०१३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं. दोष नुसत्या पडून राहण्याचा नाही म्हणा; सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीरभर उसळलेल्या घातक प्रतिक्रियेत, नसा आणि स्नायू दोन्ही दुखावतात.

दुसरा मार्ग म्हणजे रोज गुंगी उतरवून लगेच व्यायाम. २००९ च्या अमेरिकेतल्या १०४ रुग्णांच्या चाचणीत अशांपैकी ५९ टक्के लोक हॉस्पिटल सोडताना स्वतःचं स्वतः करू शकत होते. नेहमीच्या उपचारांत ३५ टक्के.

मग जितकं जास्त तितकं चांगलं? तसंही नाही. २०२२ मध्ये ‘टीम’ चाचणीत ७५० रुग्ण होते. रोज सुमारे २१ मिनिटं हालचाल करणारे ९ मिनिटंवाल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत, उलट हृदयाचे ठोके, रक्तदाब, ऑक्सिजन बिघडण्याचे प्रकार वाढले.

माझा कल लवकर, पण बेताने उठवण्याकडे: आधी पलंगाच्या कडेला बसवणं, मग उभं करणं. रक्तदाब औषधांच्या मोठ्या डोसवर तगून असेल, तर तूर्त फिजिओथेरपिस्टने हातपाय हलवून दिलेले पुरेत.