एम-४ च्या काठी कार्यालय : रेडिंग की ब्रिस्टल?

लंडनहून दक्षिण वेल्सकडे जाणाऱ्या एम-४ मोटरवेच्या काठी ब्रिटनचा तंत्रज्ञान-उद्योग मोठ्या प्रमाणावर वसला आहे. या पट्ट्यात शाखा काढू पाहणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपनीने रेडिंग आणि ब्रिस्टल ही दोन शहरे तरी नीट पारखून घ्यावीत.

रेडिंगची जमेची बाजू म्हणजे ग्राहकांशी जवळीक. मायक्रोसॉफ्टचे ब्रिटनमधील मुख्यालय तेथील थेम्स व्हॅली पार्कमध्ये आहे, दूरसंचार कंपनी व्होडाफोनचे केंद्र असलेले न्यूबरी जवळच आहे आणि हीथ्रो विमानतळही याच मोटरवेलगत आहे. जलद गाडीने लंडनचे पॅडिंग्टन स्थानक सुमारे २५ मिनिटांत येते, तर नोव्हेंबर २०२२ पासून एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गाने गाडी न बदलता लंडनच्या मध्यभागी उतरता येते. मात्र बड्या कंपन्या शेजारी असल्यामुळे अनुभवी अभियंता टिकवणे लहान संस्थेला जड जाते.

ब्रिस्टलचे बळ माणसांत आहे, आणि ते समजून घ्यायचे तर इनमॉसपासून सुरुवात करावी लागते. १९७८ मध्ये सरकारी भांडवलावर उभ्या राहिलेल्या या कंपनीने ट्रान्सप्युटर घडवला. प्रोसेसर, स्मृती आणि शेजारच्या चिपशी बोलणारे दुवे एकाच चिपवर आणून अनेक चिपांकडून एकत्र काम करून घेण्याची ती कल्पना होती. कंपनी पुढे विकली गेली, परंतु चिप-रचनेचे कसब शहरातच राहिले. इनमॉसचे डेव्हिड मे ब्रिस्टल विद्यापीठात प्राध्यापक झाले व एक्समॉस या चिप-कंपनीच्या संस्थापकांत होते. २०१६ मध्ये येथेच स्थापन झालेली, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी प्रोसेसर बनवणारी ग्राफकोर २०२४ मध्ये जपानच्या सॉफ्टबँक या गुंतवणूक-कंपनीने विकत घेतली. असे मनुष्यबळ पैसे ओतून दोन-चार वर्षांत उभे करता येत नाही. अडचण अंतराची आहे: हीथ्रो दीडशे किलोमीटरहून दूर, आणि लंडनमधील एका बैठकीत अख्खा दिवस जातो.

म्हणून बँका किंवा दूरसंचार कंपन्यांना सॉफ्टवेअर-सेवा विकायच्या असतील तर रेडिंग घ्यावे. चिप-रचना किंवा एम्बेडेड प्रणाली (यंत्रांच्या आतच बसवलेले संगणक) हे काम असेल तर ब्रिस्टलच. दोहोंच्या मधले स्विंडनही लक्षात असू द्यावे. इंटेलचे तेथे जुने कार्यालय आहे आणि गोवेकरांची मोठी वस्ती असल्याने नव्याने आलेल्या कुटुंबाला आधार मिळतो.

भारतातून माणसे नेण्यासाठी लागणाऱ्या स्पॉन्सर लायसन्सचे नियम सर्वत्र सारखेच आहेत, त्यामुळे निवडीत तो मुद्दा धरू नये. त्याऐवजी दोन्ही शहरांत एकाच पदाची जाहिरात द्यावी आणि आलेले अर्ज पाहूनच जागेच्या भाडेकरारावर सही करावी.