ब्रेसाँ की रघुबीर सिंग : इंदूरच्या रस्त्यावर कुणाचं बोट धरावं?

कॅमेरा हातात बसला, एक्सपोजरची भीती गेली, की पुढचा प्रश्न येतो : आता बघायचं कुणासारखं? माझ्या भाच्याची गाडी सध्या तिथेच अडली आहे. त्याला मी दोन नावं दिली, रस्त्यावरचं आयुष्य कृष्णधवलात टिपणारे फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँ आणि भारत रंगीत फोटोंत टिपणारे रघुबीर सिंग. या दोघांच्या मागे मी स्वतः एकेक वर्ष घालवलंय, म्हणून हीच दोन. (रघुबीर सिंग म्हणजे दुसरे नामवंत फोटोग्राफर रघु राय नव्हेत. दोघांचाही जन्म १९४२ चा, त्यामुळे हा घोळ हमखास होतो.)

ब्रेसाँपासून सुरुवात केली ती शिस्तीसाठी. ५० मिमीची लेन्स, चौकट बटण दाबतानाच पक्की, नंतर कातरायची नाही. गंमत म्हणजे त्यांचा १९३२ चा, सँ-लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा गाजलेला फोटो मात्र कातरलेला आहे! कृष्णपुरा छत्र्यांवर, म्हणजे होळकरांच्या स्मारकांवर, ही पद्धत फार छान जमते. पायऱ्या, खांब, कमानी आयत्या मांडलेल्या. सकाळी सातला कोपरा धरायचा आणि कुणीतरी चौकटीत येईपर्यंत गप्प थांबायचं. त्या थांबण्यानं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या वर्कशॉपनं शिकवलं नाही. शिवाय कृष्णधवल इंदूरला परकं थोडंच आहे? एकोणिसाव्या शतकातले नामवंत फोटोग्राफर राजा दीनदयाळ इथे नोकरीला असतानाच फोटोग्राफीकडे वळले, आणि विसाव्या शतकातले महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे फोटो तर पॅरिसमध्ये नावाजलेले अमेरिकन फोटोग्राफर मॅन रे यांनी काढलेत.

घोडं अडलं ते राजवाड्यासमोर.

कारण, फ्लेक्स. जन्मदिनाच्या शुभकामना, नियुक्तीबद्दल अभिनंदन, हात जोडलेले, गॉगल लावलेले, एकावर एक. डोळ्यांना त्यांची इतकी सवय झालेली असते की फोटो काढताना ते दिसतच नाहीत. एका रविवारी मी एका हारवालीचा फोटो काढला. दोरा दातात धरून ती गाठ मारत होती, मान किंचित कललेली, पाटीत झेंडूचा ढीग. मला वाटलं, जमला बुवा एकदाचा. प्रिंट काढून घरी दाखवला तर आई म्हणाली, "हा कोण रे तिच्यामागे, हात जोडून उभा?"

तो फ्लेक्सवरचा नेता होता. रंग काढून घेतले की छापील चेहरा आणि जिवंत चेहरा एकाच करड्या रंगात येतात. दोघांची उंची सारखी असली तर संपलंच. नंतर जुने फोटो काढून बघितले तर दर तीन-चार फोटोंत एक असा पाहुणा उभा. जागा बदल, खाली बस, वाट बघ, सगळं करून झालं. पण अर्धा वेळ माणसांऐवजी फ्लेक्स चुकवण्यात जाऊ लागला, आणि हे काही मला ब्रेसाँकडून शिकायचं नव्हतं.

रघुबीर सिंग असलं काही चुकवतच नाहीत. १९६६ मध्ये जयपूरला त्यांनी ब्रेसाँना काम करताना पाहिलं होतं. रस्त्यावरची चपळाई त्यांच्याकडून घेतली, कृष्णधवल मात्र नाही घेतलं. त्यांच्या चौकटीत पाट्या, आरसे, खांब, अर्धी कापलेली माणसं सगळी एकदम नांदतात. अँबॅसडर गाडीवरची त्यांची मालिका बघा : गाडीचं दार, खिडकीची काच हीच चौकट होते आणि बाहेरचा देश त्यात तुकड्यातुकड्यानं मावतो. रंगामुळे प्रत्येक वस्तू आपापल्या जागी राहते. भडक गुलाबी फ्लेक्स हा फ्लेक्सच दिसतो, माणूस वाटत नाही.

अर्थात हे सोपं नाही. माझे पहिले दोन महिने नुसता पसारा आला. ब्रेसाँची नक्कल फसली तरी फोटो निदान नीटनेटका दिसतो. रघुबीर सिंगांची फसली की भंगाराचं दुकान. मे महिन्यातल्या दुपारी तर रंग पार धुऊन निघतात, तेव्हा कॅमेरा घरी ठेवलेला बरा. आणि रंग नसले की काहीतरी हरवतंच असंही नाही. ब्रेसाँनी १९६६ मध्ये अहमदाबादेत वाळत घातलेल्या साड्यांचा फोटो काढलाय. त्यात रंगांची आठवणही येत नाही.

त्यामुळे तुम्ही पहाटे उठणारे असाल, रिकामे चौक आवडत असतील, तर ब्रेसाँचं बोट खुशाल धरा. रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफा बाजारात भुट्ट्याच्या किसासाठी धक्के खात उभं राहणं ज्याला आवडतं, त्याला मात्र मी दबक्या आवाजात दुसरं नाव सुचवेन. भाच्यालाही तेच सुचवलं. तो अजून विचार करतोय.

हारवालीकडे मी पुन्हा गेलो होतो, या वेळी रंगात. मागे फ्लेक्स होताच, नवा, आणखी मोठा. आईनं प्रिंट हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "झेंडू काय भाव लावलान् तिनं?"