पाळी गेल्यावर डाग दिसला: एनएचएसचं क्लिनिक, प्रायव्हेट, की सरळ पुणं?

पहिले तीन दिवस मी बीटावर ढकलत होते. आदल्या दिवशी कोशिंबीर खाल्लेली, टिश्यूवर गुलाबीसर डाग, म्हटलं बीटच असणार. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, वय ५८, आता कसली भानगड. चौथ्या दिवशी बीट पोटात नव्हतं आणि डाग मात्र होता, तेव्हा नवऱ्याला काही न बोलता आधी पुण्याला धाकट्या बहिणीला फोन लावला, कारण दोन वर्षांपूर्वी तिचंही असंच झालेलं. ती म्हणाली ताई तू इकडेच ये, दोन दिवसांत सगळं उरकतं. इथली, इंग्लंडमधली मैत्रीण म्हणाली प्रायव्हेट कर, भावोजींच्या कंपनीचा इन्शुरन्स आहे ना. जीपी, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर, म्हणाली एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) हॉस्पिटलचा फोन येईल, वाट बघ. तर या तिन्ही वाटा आम्ही तिघींनी मिळून तुडवून झाल्यात. हे लिहितेय ते इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि कुठं जावं या विचारात अडकलेल्या बायकांसाठी. (स्कॉटलंड-वेल्सचे नियम वेगळे आहेत, त्यात मी शिरत नाही.)

आधी एक गोष्ट. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे गेली, आणि त्यानंतर अंगावरून थेंबभर जरी गेलं, लाल असो, गुलाबी असो की चहाच्या रंगाचं, तर दाखवायचंच. घाबरायचं कारण नाही, शंभरातल्या नव्वदेक जणींना गंभीर काही निघत नाही. आतलं अस्तर कोरडं, पातळ झालेलं असतं, नाहीतर पॉलिप (मांसाचा छोटा कोंब) असतो, नाहीतर एचआरटीच्या, म्हणजे पाळी जाताना घ्यायच्या हार्मोनच्या, गोळ्या-पॅचचा घोळ. पण उरलेल्या पाच-दहा जणींना गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, आणि तो लवकर सापडला तर पिशवी काढून बहुतेक जणी ठणठणीत होतात, म्हणून ही सगळी घाई. वजन जास्त, डायबेटीस, पूर्वी पीसीओएस, किंवा ब्रेस्ट कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असेल तर अजिबातच रेंगाळू नका. "दिवाळीत पुण्याला जाणारच आहोत तेव्हा दाखवू" हे वाक्य मी स्वतः म्हटलंय आणि ते ऑगस्टात म्हटलंय, त्यामुळे मला कळतं ते कसं सुचतं.

आता एनएचएस. पंचावन्नच्या पुढची बाई आणि पाळी गेल्यावर रक्तस्राव, एवढं सांगितलं की जीपीने कॅन्सरच्या संशयाच्या फास्ट रांगेत पाठवायचं असा नियमच आहे, त्याखालच्या वयालाही पाठवू शकतात. पूर्वी दोन आठवड्यांत तज्ज्ञाने बघायचं असं टार्गेट होतं, ऑक्टोबर २०२३ पासून ते बदललं आणि आता २८ दिवसांत कॅन्सर आहे की नाही ते पेशंटला सांगायचं असं आहे. लोक अजून दोन आठवडेच म्हणतात, आणि मला फोन आलाही नवव्या दिवशी, पण तो नंबर न दिसणाऱ्या फोनवरून आला आणि मी स्पॅम समजून दोनदा कट केला. ते दोनदाच करतात म्हणे, मग पत्र टाकतात. तेव्हा त्या दिवसांत अनोळखी फोन उचला, विमा विकणारा निघाला तर निघाला.

या क्लिनिकचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे एकाच फेरीत सगळं. सोनोग्राफी, डॉक्टर, गरज पडली तर तिथल्या तिथे पिपेल बायॉप्सी (बारीक नळीने अस्तराचा तुकडा काढणं) किंवा पिशवीत कॅमेरा घालून बघणं, म्हणजे हिस्टेरोस्कोपी. मी आपली पुण्याच्या सवयीने लिटरभर पाणी पिऊन लघवी रोखून बसलेले, वेटिंग रूममध्ये पाय आवळून, आणि नर्स म्हणाली "लव्ह, आधी टॉयलेटला जाऊन ये, ही आतून करायची सोनोग्राफी आहे." पोटावरून करायच्या सोनोग्राफीला ब्लॅडर भरलेलं लागतं, आतून करायची असेल तर रिकामं, एवढंच ते. प्रोब कंडोम घातलेला, जेल गार, दुखलं नाही, नुसतं अवघडल्यासारखं. अस्तर ४ मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक ठिकाणी तिथंच घरी पाठवतात (एचआरटीवाल्यांचं गणित वेगळं). माझं ९ निघालं. डॉक्टर बाई म्हणाल्या पॉलिप वाटतोय, कॅमेरा घालून बघू, आत्ताच करू या का, पाच-दहा मिनिटांचं काम.

आणि इथं मी जे चुकले ते तुम्ही चुकू नका. मला वाटत होतं एनएचएस की प्रायव्हेट की पुणं हा मोठा प्रश्न आहे. तो नाहीच. मोठा प्रश्न आहे जागेपणी की भूल देऊन, आणि तो मला अर्ध्या मिनिटात, कमरेखाली कागदी चादर घेऊन बसलेली असताना विचारला गेला. मी हो म्हटलं. आपल्याला सवयच असते, डॉक्टरने विचारलं की हो.

जागेपणीच्या हिस्टेरोस्कोपीत बारीक कॅमेरा गर्भाशयाच्या तोंडातून आत घालतात, सलाईनच्या पाण्याने पिशवी फुगवतात आणि समोरच्या स्क्रीनवर दिसतं. पुष्कळ जणींचं पाळीच्या कळांएवढ्यावर भागतं, मैत्रीण तर गप्पा मारत होती म्हणे. पण काही जणींना फार म्हणजे फार दुखतं आणि ही गोष्ट इथली स्त्रीरोगतज्ज्ञांची रॉयल कॉलेज स्वतःच्या पेशंट पत्रकात लिहून मोकळी झालीय, बायकांनी वर्षानुवर्षं मोहीम चालवली तेव्हा कुठं. पाळी गेलेली, एकही नॉर्मल बाळंतपण नाही, पूर्वी पाळीत खूप दुखायचं, किंवा नुसती स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाची नेहमीची तपासणी) सुद्धा नको नको व्हायची, अशांना त्रास जास्त. माझी दोन्ही सिझेरियन. म्हणजे तोंड कधी उघडलेलंच नाही.

एक हेल्थकेअर असिस्टंट माझा हात धरून उभी होती, तिचं कामच ते, पेशंटला बोलण्यात गुंतवायचं, त्याला म्हणे "व्होकल लोकल" म्हणतात (म्हणजे औषधाऐवजी बोलून दिलेली लोकल भूल; आपल्याकडच्या व्होकल फॉर लोकलशी काही संबंध नाही). तिने विचारलं हॉलिडेला कुठं जाणार. मी म्हणाले इंडिया. मग जी कळ आली ती पोटातून पाठीत आणि पाठीतून मांडीत, दातांत लुगडं धरावं तशी, आणि डोळ्यासमोर काळं. मी "स्टॉप" म्हणाले तेव्हा लगेच थांबले, हे मान्य करायला हवं. पण येताना तासभर आधी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन घेऊन ये, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं, हॉस्पिटलने पाठवलेल्या पत्रकाचं दुसरं पान पाकिटात नव्हतंच. इंजेक्शनने जागा बधिर करता येते, काही ठिकाणी गॅस देतात, आणि मुख्य म्हणजे "मला भूल देऊनच करायचंय" म्हणायचा पूर्ण हक्क आहे, हे सगळं मला नंतर कळलं.

पुढं भूल देऊन झालं. त्याला तीन आठवडे जास्त लागले, आधी रक्त-ईसीजीची फेरी, रात्रीपासून उपाशी, दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही आणि घरात कुणीतरी हवंच. पण मी झोपले, उठले, चहा-टोस्ट खाल्ला, पॉलिप गेला. रिपोर्ट साधा आला. एकटी राहत असाल, भुलेचा पूर्वी त्रास झाला असेल किंवा हृदयाचं काही असेल तर जागेपणीच बरं, गोळी घेऊन, आणि पहिल्याच फोनवर इंजेक्शनचं बोलून ठेवून. माझ्यासारखी केस असेल तर तीन आठवडे थांबा पण झोपूनच करा. नुसती पिपेल बायॉप्सी असेल तर ती वेगळी, स्ट्रॉसारखी बारीक नळी, मिनिटभर जोरात कळ आणि संपलं, त्याला भूल घेत बसू नका.

प्रायव्हेटचं थोडक्यात सांगते कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. मैत्रिणीला तिसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट, कॉफीचं मशीन, कुणी घाईत नाही, तेच कन्सल्टंट बघायचे हे ठरलेलं, आणि ते कन्सल्टंट मंगळवार-गुरुवार एनएचएसलाच असतात. इन्शुरन्सवाल्यांचा मंजुरीचा नंबर आधी घ्यावा लागतो, नाहीतर बिल तुमच्या नावावर. स्वतःच्या खिशातून करणार असाल तर एक लक्षात ठेवा, पहिली कन्सल्टेशन परवडते, मग सोनोग्राफी वेगळी, कॅमेरा वेगळा, लॅब वेगळी. माझ्या ओळखीतल्या एकींनी पहिली फी भरली, पुढचं कोटेशन बघून परत जीपीकडे आल्या, आणि यात जवळपास तीन आठवडे गेले जे फुकटच्या रांगेत आधीच मोजले गेले असते. शिवाय काही निघालंच तर पुढची टीम, ऑपरेशन, बहुतेकदा एनएचएसमध्येच येतं. इन्शुरन्स असेल आणि मन शांत ठेवायला पैसे टाकायचे असतील तर जरूर, पण जीपीची चिठ्ठी रद्द करू नका, दोन्ही समांतर चालू द्या.

पुण्याचं मात्र मान्यच करते, वेगाला तोड नाही. बहिणीने सकाळी अकराला सोनोग्राफी केली, संध्याकाळी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी उपाशी पोटी ॲडमिट, भूल देऊन हिस्टेरोस्कोपी आणि क्युरेटिंग (अस्तर खरवडून काढणं), संध्याकाळी घरी मऊ भात. रिपोर्ट सहाव्या दिवशी. जागेपणीचा प्रश्नच कुणी काढला नाही, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी झोपवूनच करतात आणि त्या बाबतीत मला आपलं बरं वाटतं. आई, वहिनी, डबा, सगळं हाताशी. इंग्रजीत "डिस्चार्ज" म्हणजे नक्की काय विचारतायत हा घोळ नाही, "पांढरं जातं का" विचारलं की कळतं.

पण रिपोर्ट यायच्या आधीच डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढूनच टाकू ना, आता कशाला हवीय, कटकट जाईल." बहीण अर्धी तयार झालेली. मी इकडून व्हिडिओ कॉलवर भांडले, की आधी रिपोर्ट, मग पिशवी. रिपोर्टमध्ये नुसतं पातळ कोरडं अस्तर निघालं, क्रीमवर भागलं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं ते आपण बातमी म्हणून वाचतो, पण ती "कशाला हवी" वाली भाषा कोथरूडच्या एसी केबिनमध्येही ऐकू येते, फक्त आवाज मऊ असतो. शिवाय इथं राहणाऱ्या बाईने तिकडे तपासून काही निघालंच तर स्लाइड्स, ब्लॉक्स (लॅबने जपलेले तुकड्याचे नमुने) घेऊन इकडे यायचं आणि रांगेत पहिल्यापासून उभं राहायचं. तिकीट आधीच काढलेलं असेल आणि आठवड्यात निघत असाल तर तिकडे करा, बायॉप्सीच्या ब्लॉकची पावती जपून ठेवा. मुद्दाम तिकीट काढून जाऊ नका.

राहता राहिली व्हिजिटर व्हिसावर आलेली आई किंवा सासू, आणि यावरच मला सगळ्यात जास्त फोन येतात. जीपीकडे नाव घालता येतं आणि तिथं दाखवणं फुकट आहे. पण पुढे हॉस्पिटलच्या तज्ज्ञाकडे पाठवलं तर ते फुकट नाही, परदेशी पाहुण्यांना एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लावतात, कॅन्सरचा संशय असला तरी. ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले आधी विचारतात की हा त्रास भारतात असताना होता का. तेव्हा सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या असतील तर जीपीला दाखवून, फार रक्त जात नसेल तर, परतीचं तिकीट अलीकडे ओढा. स्वतः व्हिसाचा हेल्थ सरचार्ज भरून राहत असाल तर हे तुम्हाला लागू नाही.

माझ्या सासूबाईंना गेल्या वर्षी जीपीकडे नेलं तेव्हा मी दुभाषी होऊन बसले आणि त्या माझ्यासमोर सगळ्याला "नाही" म्हणत राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवलं आणि फोनवर मराठी दुभाषी लावली, ती सोय फुकट असते, आधी मागून ठेवायची. दहा मिनिटांनी आत बोलावलं तर सासूबाई त्या फोनमधल्या बाईला विचारत होत्या, "तुम्ही मूळच्या कुठल्या, साताऱ्याच्या का?" आणि डॉक्टरांच्या स्क्रीनवर लिहिलेलं होतं, चार महिन्यांपासून.