टार्नीट-पॉइंट कुकमधलं ग्रीक जेवण: इथे काय मागवावं, ओकलीसाठी काय ठेवावं

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, ट्रुगानिना, पॉइंट कुक या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत. डोसा, छोले-भटुरे हाकेच्या अंतरावर मिळतात, पण ग्रीक खायचं म्हटलं की शॉपिंग सेंटरच्या कडेचं सुवलाकीचं दुकान, एवढंच हाती लागतं. याला कारण आहे. 1950-60 च्या दशकांत आलेल्या ग्रीक कुटुंबांनी आधी शहरालगत रिचमंड, नॉर्थकोट इथे घरं केली, मग त्यातली बरीच आग्नेयेला ओकलीकडे सरकली. त्यांच्या बेकऱ्या, डेली (चीज-ऑलिव्हची दुकानं), चर्च सगळं तिकडेच वाढलं. पश्चिमेच्या नव्या वसाहतींत ग्रीक गिऱ्हाईक थोडं, म्हणून इथला दुकानदार एकाच काउंटरवर सुवलाकी, कबाब, बर्गर आणि पिझ्झाही विकतो.

तरीही इथे चांगलं ग्रीक खाणं मिळतं. मात्र सगळा मेन्यू चांगला असेल अशी अपेक्षा ठेवू नये. सळईवरचं मांस, पीटा (ग्रीक रोटी), त्झात्झिकी (काकडी-लसणाचं दही), लिंबातले बटाटे यांत उपनगरातलं नीट दुकान ओकलीच्या जवळपास येतं. ओव्हनमधले पदार्थ, ऑक्टोपस आणि गोड यांत ते कमी पडतं, आणि तिथेच लोकांचे पैसे वाया जातात.

आधी नावांचा घोळ. ग्रीसमध्ये सुवलाकी म्हणजे काडीवर भाजलेले मांसाचे तुकडे आणि यिरोस म्हणजे उभ्या सळईवरून कापलेलं मांस. मेलबर्नमध्ये पीटात गुंडाळलेल्या दोन्हींना सर्रास सुवलाकीच म्हणतात. ॲडलेडकडे त्यालाच यिरोस म्हणतात. तेव्हा ऑर्डर देताना मांस काडीवरचं की सळईवरचं, हे विचारून घ्यावं. ग्रीसमध्ये सळईवर बहुतेक डुक्कर किंवा चिकन असतं. लँबचा जोर ही ऑस्ट्रेलियातली सवय आहे.

दुकानात शिरल्यावर पहिली नजर सळईवर टाका. हाताने रचलेल्या सळईच्या कडा ओबडधोबड दिसतात: मांसाचे वेगवेगळे काप, मधे चरबीचे थर, कुठे कोपरा जास्त भाजलेला. कारखान्यातून गोठवून आलेला कोन खराट्याच्या मुठीसारखा गुळगुळीत आणि एकसारख्या करड्या रंगाचा असतो. तो कापला की सारख्या जाडीच्या पट्ट्या पडतात, चावताना धागा लागत नाही, कारण आत खिमा दाबून भरलेला असतो. असा कोन दिसला तर सळईचा नाद सोडावा आणि काडीवरचं चिकन मागावं. ते समोर भाजून मिळतं आणि त्यात लपवायला जागा नसते.

सळई चांगली असूनही मांस बिघडतं ते वेळेमुळे. बाहेरचा थर तांबूस-कुरकुरीत झाला की सुरी वरून खाली हलकेच फिरवायची, तेवढाच थर घ्यायचा आणि पुढचा थर भाजायला मोकळा सोडायचा, ही खरी पद्धत. शुक्रवारी सातच्या सुमारास गिऱ्हाईक सतत असतं, मांस सळईवरून थेट पीटात जातं. दुपारी तीन ते पाचच्या मधे मात्र कापून ठेवलेलं मांस ट्रेमध्ये दिव्याखाली वाळत असतं, ते तव्यावर पुन्हा परततात आणि कडा चामड्यासारख्या होतात. उलट अती गर्दीत घाईने खोलवर कापलं तर फिकट, मऊ मांस येतं. फिकट दिसलं तर तव्यावर अर्धा मिनिट जास्त ठेवायला सांगावं, दुकानदार नाही म्हणत नाहीत.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना बीफ चालत नाही, त्यांनी इथे सावध राहावं. पाटीवर नुसतं ‘लँब’ लिहिलेलं असलं तरी तयार कोनात लँब आणि बीफ एकत्र असू शकतं. मुसाका (वांगं-खिम्याचे थर) आणि पास्तित्सिओ (पास्ता-खिम्याचे थर) यांतला खिमा बहुधा बीफचा किंवा मिश्र असतो, बिफ्तेकी आणि केफ्तेदेस या खिम्याच्या टिक्क्या-गोळ्यांचंही तेच. ‘हे फक्त लँबच आहे का’ असा नेमका प्रश्न विचारावा. ‘लँब आहे ना?’ असं विचारलं की हो एवढंच उत्तर येतं. डुक्कर टाळणाऱ्यांनी हेही बघावं की चिकन आणि पोर्कच्या सळया शेजारी असल्या तर सुरी आणि चिमटा बहुतेक वेळा एकच असतो.

पीटा दुसरी खूण. ग्रीक पीटाला खिसा नसतो. तो जाडसर, मऊ, एकसंध असतो, तेलाचा हात लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकायचा. शेकल्यावर त्यावर तपकिरी ठिपके यायला हवेत आणि दुमडला तरी तुटायला नको. तडा गेला तर तो नुसता गरम केलेला आहे किंवा शिळा आहे. पातळ, खिशाचा लेबनीज ब्रेड वापरला असेल तर रस खाली गळतो आणि अर्ध्यावर सगळं हातात येतं.

तिसरी खूण त्झात्झिकी, आणि ते ओळखायला मराठी माणसाइतका तयार माणूस नाही, कारण हा चक्क्याचा आणि कोशिंबिरीचा मामला आहे. चमचा फिरवला की रेघ तशीच राहिली पाहिजे. रेघ भरून आली आणि कडेला पाणी सुटलं तर दोनपैकी एक चूक झालेली असते: दही टांगलेलं नाही किंवा काकडी मीठ लावून पिळलेली नाही. गोडसर लागलं तर बाटलीतलं मेयोनीज मिसळलंय असं समजावं. लसूण जिभेला चावावा, पण जाळू नये. उपनगरात बरेच जण हे डब्यातून काढतात, आणि घरी करायला ते इतकं सोपं आहे की विकत घेऊच नये. 500 ग्रॅम घट्ट ग्रीक दही (लेबलवर फॅट 10 टक्क्यांच्या आसपास असेल ते) घ्यावं. एक लांब काकडी किसून अर्धा चमचा मीठ लावून वीस मिनिटं ठेवावी आणि फडक्यात पिळून कोरडी करावी. लसणाच्या दोन पाकळ्या वाटून, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि मूठभर चिरलेला शेपू घालून फ्रीजमध्ये दोन तास मुरू द्यावं. लगेच चाखलं तर लसूण वेगळा आणि दही वेगळं लागतं. दुसऱ्या दिवशी थोडं पाणी सुटतंच, ते ओतून टाकावं, ढवळून आत मिसळू नये.

घरपोच मागवायचं असेल तर गुंडाळलेली सुवलाकी मागवूच नका. फॉइलमध्ये वीस मिनिटं वाफ धरली की पीटा ओला होतो आणि आतल्या चिप्स लगदा होतात. त्याऐवजी प्लेट मागवा: मांस वेगळं, पीटा कागदात, त्झात्झिकी डबीत. घरी पीटा गरम तव्यावर एकेका बाजूने 30-40 सेकंद शेकला की पुष्कळ फरक पडतो. चिप्सऐवजी लिंबातले बटाटे घ्या. ते लिंबू, ओरेगानो, तेल आणि रश्श्यात शिजवलेले असतात, मुळातच मऊ, त्यामुळे प्रवासात त्यांचं काही बिघडत नाही. कोळशावरच्या चिकनची दुकानं या बाबतीत अनेकदा सुवलाकीच्या दुकानांपेक्षा सरस ठरतात.

शाकाहारी मंडळींना उपनगरात फारसा वाव नसतो: हलूमी चीज घातलेली सुवलाकी, डिप, सॅलड. हलूमी ही मुळात सायप्रसची. चीज तळून लिंबू पिळलेला सागानाकी हवा असेल तर तो केफालोग्राविएरा किंवा केफालोतीरी या कडक चीजचा असतो, बोटभर जाड, बाहेर खरपूस आणि आत जेमतेम सैल. तो टेबलावर आला की पाच मिनिटांत खाल्लाच पाहिजे, पार्सलमध्ये रबर होतो. तारामासालाता हा डिप मासळीच्या अंड्यांचा असतो, गुलाबी रंग बघून बीटाचा समजू नका. खरा तर फिकट बदामी असतो, गडद गुलाबी म्हणजे रंग टाकलेला. दोल्मादेसमध्ये (द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांत) कधी भात असतो, कधी खिमा. चिप्स बहुतेक ठिकाणी कालामारीच्याच (स्क्विडच्याच) तेलात तळतात. आणि पारंपरिक फेटा, केफालोग्राविएरा ही चीज प्राण्यांच्या रेनेटने (वासरा-कोकरांच्या जठरातून काढलेल्या, दूध फाडणाऱ्या द्रव्याने) लावतात, कडक शाकाहारींनी लेबल वाचावं.

सॅलड म्हणून लेट्यूसच्या ढिगावर फेटाचे तुकडे भुरभुरलेले येतात, त्यावर पैसे घालवू नयेत. खरी होरियातिकी म्हणजे टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी ढोबळी मिरची, ऑलिव्ह, वर फेटाचा एक अख्खा काप, ओरेगानो आणि भरपूर तेल. लेट्यूस नाही. फेटाचंही लक्षात ठेवा: युरोपात 2002 पासून हे नाव ग्रीसमधल्या चीजसाठी राखीव आहे, त्यात किमान 70 टक्के मेंढीचं दूध लागतं, उरलेलं शेळीचं. ऑस्ट्रेलियात मात्र गाईच्या दुधाचंही फेटा म्हणून विकतात. ते खारट लागतं, पण आंबूसपणा आणि मेंढीच्या दुधाचा तो खास वास येत नाही.

मुसाका, पास्तित्सिओ, स्पानाकोपिता (पालक-फेटा भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ) हे तिन्ही उपनगरात टाळावेत. मुसाका ओव्हनमधून काढल्यावर तासभर निवला की थर धरतो. खप कमी असलेल्या दुकानात तो दोन दिवस फ्रीजमध्ये राहतो आणि मायक्रोवेव्हमधून येतो, मग वरचं बेशामेल (दूध-मैद्याचा पांढरा सॉस) घट्ट होतं, वांगं तेल सोडतं आणि मधला भाग थंडच राहतो. स्पानाकोपिताचे पापुद्रे मायक्रोवेव्हमध्ये ओल्या कागदासारखे होतात. आणलाच असेल तर 180 अंशांवर दहा-बारा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवावा, जाळीवर, म्हणजे तळही सुकतो. पार्टीसाठी मोठे ट्रे मागवलेत तर ऑस्ट्रेलियातला दोन-चार तासांचा नियम पाळा: 5 ते 60 अंशांच्या मधे राहिलेलं अन्न दोन तासांच्या आत असेल तर फ्रीजमध्ये ठेवता येतं, दोन ते चार तासांत लगेच संपवायचं, चार तासांनंतर टाकून द्यायचं.

यासाठी ओकली. टार्नीटहून ते चाळीसहून जास्त किलोमीटर पडतं, वेस्ट गेट पुलावर गर्दी असली तर तासाच्या वर लागतो, पण महिन्यातून एकदा जावंच. स्टेशनपासून चालत जाता येईल अशी ईटन मॉल ही फक्त पायी चालण्याची गल्ली आहे, दोन्ही बाजूंना ग्रीक कॅफे आणि केकची दुकानं. जवळच चेस्टर स्ट्रीटवर कालिमेरा सुवलाकी आर्ट आहे. तिथला पोर्कचा यिरोस आधी एकदा खाऊन बघावा, म्हणजे आपल्या उपनगरातल्या दुकानाला माप लावता येतं. इतकं लांब जायचं नसेल तर शहरात लॉन्सडेल स्ट्रीटवर 1978 पासूनचं स्टॅलेक्टाइट्स आहे.

शाकाहारींनी ओकलीला ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या आठवड्यांत जावं. ऑर्थोडॉक्स उपासाला मांस, दूध, अंडी, मासे चालत नाहीत, म्हणून बाजारात ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपासाचे पदार्थ जास्त दिसतात: टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे म्हणजे यीगान्देस, भात भरलेली टोमॅटो-ढोबळी म्हणजे येमिस्ता, पिवळ्या डाळीचा फावा. फावा तर आपल्या घट्ट वरणावर कांदा आणि तेल घातल्यासारखाच. 2026 मध्ये हा उपास 23 फेब्रुवारीला सुरू होतो आणि त्यांचा ईस्टर 12 एप्रिलला आहे, म्हणजे सुटीच्या ईस्टरनंतर एका आठवड्याने. मात्र निस्तीसिमो म्हणजे शाकाहारी असं धरून चालू नका: कोळंबी, कालामारी, ऑक्टोपस त्या उपासाला चालतात.

येताना डेलीतून खारवणीतला मेंढीचा फेटा खारवणीसकटच बांधून घ्या. कोरडा आणला तर दोन दिवसांत कडा पिवळ्या पडतात, खारवणीत बुडालेला आठवडाभर छान राहतो. गोडात गालाक्तोबूरेको घ्या: रव्याचं दाट कस्टर्ड, वर-खाली फिलोचे (कागदासारख्या पातळ पिठाचे) पापुद्रे, लिंबाच्या सालीचा पाक. चिरोट्याला लावतात तोच नियम, पाक आणि पापुद्रे यातलं एक गरम, एक गार, दोन्ही गरम असले तर लगदा. दुकानात बघताना वरचा पापुद्रा सुरीने दाबला की करकर वाजला पाहिजे. गालाक्तोबूरेको डब्यात आडवा ठेवला तर दीड तासाचा प्रवास सहज सोसतो. लुकुमादेस मात्र पार्सल घेऊ नका. ते आंबवलेल्या पिठाचे बोंडे, वर मध आणि दालचिनी, कढईतून काढल्यावर दहा मिनिटांत कुरकुरीतपणा जातो, तेव्हा तिथेच बाकावर बसून खा.