मेसोपोटेमियात गेलेल्या शिपायाचा शोध : नोंदवही, मोडी पत्रे आणि नातेवाइकांचा पत्रव्यवहार वापरून आलेला अनुभव

आमच्या वंशावळीत माझ्या पणजोबांच्या थोरल्या भावाच्या नावापुढे ‘लढाईत मयत, निपुत्रिक’ एवढीच नोंद आहे. ते ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील (आजच्या इराकातील) बसऱ्याकडे गेले ते परत आले नाहीत, याहून अधिक काही घरात कोणाला ठाऊक नव्हते. गेले कित्येक महिने मी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेची ऑनलाइन नोंदवही, गावचे जुने महसुली दप्तर, घरातली मोडी पत्रे आणि विखुरलेल्या नातेवाइकांशी केलेला पत्रव्यवहार ही साधने एकमेकांशी ताडून वापरत आहे. रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतून त्या काळी फार मोठी भरती झाली होती. त्यामुळे असा शोध घेऊ पाहणारी कुटुंबे पुष्कळ असतील, असे समजून हा अनुभव सविस्तर लिहिते.

कमिशनची नोंदवही विनामूल्य आहे, मात्र तिच्या मर्यादा आधी समजून घ्याव्यात. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना किंवा सेवेमुळे मृत्यू पावलेल्यांचीच नावे तिच्यात आहेत. जो शिपाई जिवंत परतला, तो तिथे सहसा सापडणार नाही. नुसते नाव टाकून शोधणेही जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण मोरे, शिंदे, कदम, जाधव ही आडनावे शेकड्यांनी येतात आणि लष्करी कारकुनाने कानावर पडेल तसे इंग्रजीत उतरवलेले नाव आज आपण लिहितो त्याच्याशी क्वचितच जुळते. मला उपयोगी पडलेली रीत अशी, की नावाचा रकाना रिकामा ठेवावा, पलटण निवडावी आणि अतिरिक्त माहितीच्या रकान्यात गावाचे किंवा तालुक्याचे नाव निरनिराळ्या स्पेलिंगांनी घालून पाहावे. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्ग येत असे आणि रायगडचे नाव कुलाबा होते. हे दोन्ही बदल १९८१ मधले असल्यामुळे शोध जुन्या जिल्ह्यांनुसारच करावा लागतो.

पलटणीच्या आकड्यांकडेही नीट लक्ष द्यावे लागते. घराघरांत ‘पाचवी मराठा’ असा उल्लेख ऐकू येतो, पण ते नाव १९२२ च्या पुनर्रचनेनंतरचे आहे. आधीच्या १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणी तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या. आमची ११० वी ही तिसरी झाली. महायुद्धाच्या नोंदींत जुनाच आकडा वापरावा लागतो.

खरा दुवा मिळाला तो शिपायाच्या क्रमांकाने. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, हे अनेक घरांत माहीत नसते, कारण पदक नेहमी समोरून पाहिले जाते. आमच्या घरचे पदक वाटणीत दुसऱ्या शाखेकडे गेले होते. त्या शाखेतील एका चुलत काकांना मी पत्र लिहिले, तेव्हा त्यांनी उत्तरासोबत कागदाची एक चिंचोळी पट्टी पाठवली. पदकाच्या कडेभोवती पातळ कागद गुंडाळून त्यावर पेन्सिल आडवी घासून घेतलेला तो ठसा होता. अक्षरे इतकी बारीक, की भिंग घ्यावे लागले, पण चारही आकडे स्वच्छ उमटले होते. त्या क्रमांकाने नोंदवहीत एकच नाव निघाले. बसरा मेमोरिअल, मृत्यूचे साल १९१६, वडिलांचे नाव, आमचे गाव आणि त्यापुढे पत्नीचे नाव. आमच्या वंशावळीत पत्नीचा उल्लेखच नाही.

घरातली पत्रे मोडीत आहेत आणि त्यांतील बहुतेक कार्डांवर जॉर्ज बादशहाच्या तिकिटावर आय. ई. एफ. अशी छपाई आहे. इंडियन एक्स्पीडिशनरी फोर्ससाठी काढलेली ही तिकिटे त्यांच्या टपालाची खूण आहे. मोडीत शब्द सुटे पाडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते आणि इथे तर प्रत्येक कार्डाचे हस्ताक्षर वेगळे आहे, म्हणजे लिहून देणारा दर वेळी निराळा असावा. पुराभिलेख संचालनालयातर्फे होणाऱ्या मोडी प्रशिक्षणाचा मला फार उपयोग झाला. वाचक शोधण्यापेक्षा स्वतः शिकावे, असे मी आवर्जून सांगेन, कारण वाचणाऱ्या परक्या माणसाला आपल्या गावची वाडी, शेताचे नाव, घरातली टोपणनावे ओळखता येत नाहीत. तारखा मितीत असतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारीपासून शकवर्ष संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शेवटचे कार्ड कार्तिक शुद्ध पक्षातले, शके १८३७ चे आहे, म्हणजे नोव्हेंबर १९१५. त्याच महिन्याच्या २२ तारखेला बगदादजवळच्या टेसिफोनची लढाई सुरू झाली, सहावी पुणे डिव्हिजन मागे हटून कुत अल अमारा येथे आली आणि ७ डिसेंबरपासून वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. तीत ११० वी होती, तशाच १०३ आणि ११७ याही मराठा पलटणी होत्या. भारतीय कैद्यांपैकी अनेकांना रास अल ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. या तारखा हाताशी ठेवून ते कार्ड वाचले, तेव्हा त्यातली भाताच्या उतरणीची चौकशी आणि बैलाच्या किमतीची गोष्ट मला सहजासहजी पुढे वाचवेना.

या सर्व कार्डांत पत्नीचे नाव एकदाही नाही. वडिलांना शिरसाष्टांग नमस्कार, धाकट्या भावास आशीर्वाद आणि शेवटी ‘घरातील मंडळीस’ एवढेच. त्या काळच्या रिवाजाला धरूनच ते होते. महसुली दप्तरानेही तिला वगळले. परदेशात मृत्यू झाल्यामुळे कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, नोंद नाही, आणि फेरफारात ‘एकत्र कुटुंब, निपुत्रिक मयत’ म्हणून हिस्सा भावांकडे गेलेला दिसतो. हिंदू विधवेला पतीच्या वाट्यात हक्क देणारा कायदा १९३७ साली आला. त्याआधी एकत्र कुटुंबातील विधवेला मिळत असे ते अन्नवस्त्र. तिचे नाव लिहिले ते फक्त पलटणीच्या कारकुनाने, वारस म्हणून, आणि तेही मोडक्या स्पेलिंगात.

तिचा माग नातेवाइकांच्या पत्रांनीच लागला. नोंदवहीतले नाव सासरचे होते. माहेरच्या गावी त्या नावाने तिला कोणी ओळखत नव्हते. मी माहेरच्या घराण्यातील वडीलधाऱ्यांना वंशावळीची झेरॉक्स पाठवली, रिकाम्या जागा तांबड्या शाईने दाखवल्या आणि प्रत्येक स्त्रीचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे विचारली. अनेक आठवड्यांनी परळहून एका आजींचे चार पानी उत्तर आले. त्यांच्या पणजीचे माहेर तेच, लग्नानंतरचे नाव तेच आणि पहिला नवरा ‘बसऱ्याच्या लढाईत’ गेलेला. पाठीशी एक लहान मुलगी होती, तिला घेऊन ती माहेरी परतली, पुढे त्या मुलीचे लग्न गिरणीत काम करणाऱ्या एका तरुणाशी झाले आणि घर मुंबईला गेले. म्हणजे वंशावळीतले ‘निपुत्रिक’ हे मुलगा नसल्यामुळे लिहिले गेले होते. मुलगी होती आणि तिचा वंश आज परळमध्ये नांदतो आहे. मी आमच्या वंशावळीत ती ओळ आता बदलून घेतली आहे. घरातल्या काहींना ते रुचले नाही, पण माझ्या दृष्टीने एवढ्या महिन्यांच्या कामातले सर्वांत मोलाचे फळ हेच आहे.

अशा पत्रव्यवहारासाठी फोनपेक्षा कागदी पत्र बरे. फोनवर बोलणे हमखास जमिनीकडे वळते, आणि हिश्शाच्या शंकेने आमच्या एका शाखेने आजवर उत्तरच दिलेले नाही. पत्रात जमिनीचा विषय नाही हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट लिहावे आणि एका वेळी एकदोनच प्रश्न विचारावेत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात. गाव आणि आडनावावरून नोंद काढता येते आणि आलेल्या यात्रेकरूने आपल्या कुळाची नावे सांगितलेली असतात. रेड क्रॉसची १९१४–१८ ची कैद्यांची कार्डे ऑनलाइन आहेत, पण ती टंकलेखित यादीसारखी शोधता येत नाहीत, वर्णक्रमाने छायाचित्रे चाळावी लागतात. कुतच्या शिपायासाठी मला त्यांचा उपयोग झाला नाही.

बसरा मेमोरिअलविषयी एक गोष्ट दुखते, ती लिहितेच. १९२९ साली उभारलेल्या या स्मारकाच्या फलकांवर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या दिली गेली. ही असमान वागणूक कमिशनने २०२१ च्या आपल्या अहवालात मान्य केली आहे. १९९७ मध्ये स्मारकही मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेले गेले. त्यामुळे आमच्यासारख्यांसाठी ऑनलाइन नोंदीचा मुद्रित उतारा हेच आज त्या नावाचे स्मारकाच्या जागी असलेले लिखित ठिकाण आहे. आम्ही तो परळच्या घरीही एक प्रत म्हणून दिला.

ज्यांचे पूर्वज परतले, त्यांनी मात्र या वाटेने न जाता पदकावरचा क्रमांक आणि पलटण घेऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारणा करावी. अर्जात आजचे आणि तेव्हाचे असे दोन्ही जिल्हे लिहावेत, आणि घरी पेन्शनचा कागद असेल तर त्याची प्रत जोडावी.