मूडल: पीडीएफचं गोदाम की शिकवण्याचं साधन?

विद्यापीठाच्या आराखड्यात 'अध्यापनाची गुणवत्ता' वरच्या क्रमांकावर आली की पाठोपाठ मूडल येतंच. 2002 साली मार्टिन डूगियामस यांनी 1.0 आवृत्ती आणलेलं हे ऑनलाइन अध्यापनाचं मुक्त सॉफ्टवेअर परवाना शुल्काशिवाय मिळतं. सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस मात्र पदरचा. पुष्कळ ठिकाणी त्यावर पीडीएफ चढवल्या की काम संपतं. तेवढ्यासाठी साधं सामायिक फोल्डर पुरेल.

खरा माल आहे क्विझमध्ये, म्हणजे ऑनलाइन चाचणीत. पण डिफॉल्ट असतं 'डिफर्ड फीडबॅक', म्हणजे आख्खी चाचणी जमा करेपर्यंत कुठे चुकलं ते कळत नाही. परीक्षेला हे ठीक. सरावाला 'इंटरॅक्टिव्ह विथ मल्टिपल ट्राइज' निवडावं, म्हणजे चूक लगेच कळते आणि त्याच प्रश्नाला पुन्हा उत्तर देता येतं. इथे हमखास फसगत होते: किती वेळा उत्तर देता येईल हा आकडा कुठे भरायचा नसतो, तो हिंटवरून, म्हणजे चुकल्यावर दिसणाऱ्या सूचनांवरून ठरतो. दोन हिंट लिहिल्या तर तीन संधी, एकही नसेल तर एकच. दर चुकीला 33.33 टक्के गुण कापले जातात. सरावात ते 10 टक्के किंवा शून्य करावं. आणि हिंटमध्ये उत्तर फोडू नये, कोणती पायरी पुन्हा तपासायची तेवढंच सांगावं. अशा हिंट लिहायला वेळ लागतो, आणि तो वेळ शिक्षकांच्या वेळापत्रकात कुणी धरत नाही.

चाचणी आठवडाभर खुली असेल तर 'रिव्ह्यू ऑप्शन्स'मध्ये बरोबर उत्तर फक्त मुदत संपल्यावर दिसेल असं करा. नाहीतर पहिल्याच दिवशी स्क्रीनशॉट फिरतात.

क्विझचा स्टॅटिस्टिक्स अहवाल फारसा कुणी उघडत नाही, हे नवलच. एखाद्या प्रश्नाचा डिस्क्रिमिनेशन इंडेक्स (तो प्रश्न चांगल्या आणि कच्च्या विद्यार्थ्यांत किती फरक करतो याचा आकडा) उणे आला तर एकूण चाचणीत चांगले गुण मिळवणारेच तिथे चुकतायत. आधी उत्तरसूची पाहा, मग प्रश्नाची भाषा. बहुधा दोष यातच सापडतो. मुलं मोजकीच असतील तर मात्र या आकड्यांवर भिस्त नको.

एकमेकांचं काम तपासायचं 'वर्कशॉप' कल्पना म्हणून उत्तम, चालवायला किचकट. टप्पे पाच, आणि तपासणीचा टप्पा आपोआप सुरू व्हावा असं सेटिंग केलं नाही तर वर्ग सबमिशनवरच अडकतो. सगळ्यांचं काम येण्याआधीच कुणी कुणाचं तपासायचं याचं वाटप उरकलं तर उशिरा आलेल्यांना तपासनीस मिळत नाहीत. दर निबंधाला किमान तीन जण नेमा. दोघांत मतभेद झाला तर कुणाचं धरायचं?

सगळ्यात दगाबाज आहे गुणतक्ता. 'रिकामे गुण वगळा' हे सेटिंग चालू असलं की पाचपैकी एकच असाइनमेंट देऊन 20 पैकी 18 मिळवणाऱ्याच्या नावापुढे एकूण 90 टक्के दिसतात. सत्राच्या मध्यावर ते चालतं. शेवटचा निकाल काढण्याआधी ते बंद करा किंवा न दिलेल्या कामांना शून्य भरा.