कॅलिबर-वेब घ्यावं का कविता? अभ्यासिकेत पुस्तकांचा सर्व्हर टाकायचा असंल तर

लातूरच्या अभ्यासिकेत जुना लॅपटॉप धूळ खात पडलाय, त्यावर पुस्तकं ठेवायची आणि पोरांनी वायफायवरून मोबाईलमधी वाचायची, एवढंच काम असंल तर नेटपॅकसुद्धा लागत नाही, राऊटर चालू पाहिजे बस. खरा प्रश्न तुमच्याकडं कसल्या फायली आहेत हा आहे, सॉफ्टवेअरचं (कॅलिबर-वेब आणि कविता ही दोन्ही पुस्तकं ब्राउझरमधी दाखवणारी सॉफ्टवेअरंच) नंतर बघू.

मराठीत बहुतेकांकडं पीडीएफच असतात, त्यातबी निम्म्या स्कॅन केलेल्या, फाईलचं नाव 'स्कॅन००१'. एपब (स्क्रीनप्रमाणं मजकूर बसवणाऱ्या ई-पुस्तकाच्या फायली) थोडे. हक्क संपलेली पुस्तकं (आपल्याकडं लेखक गेल्यावर ६० वर्षांनी संपतात) असोत का ई साहित्य प्रतिष्ठानच्या फुकट पीडीएफ, नावं तुम्हालाच नीट लावायचीत.

कॅलिबर-वेब म्हणजे नुसता दर्शनी भाग, मागं कॅलिबर या पुस्तकं लावून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची लायब्ररी आणि तिची मेटाडेटा डॉट डीबी (पुस्तकांची माहिती साठवणारी) फाईल पाहिजेच. कॅलिबर फायलींची स्वतःची कॉपी करून लेखकाच्या नावानं फोल्डर पाडतं आणि मराठी नावं इंग्रजी अक्षरांत करून टाकतं, ते वाचताना लई वैताग येतो, पण लेखक, मालिका, टॅग सगळं हातानं नीट करायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. किंडलला मेलनं पाठवणं, कोबो या तसल्याच दुसऱ्या ई-रीडरला सिंक, दोन्ही होतंय. ब्राउझरमधी ८०८३ पोर्टवर (लॅपटॉपच्या पत्त्यापुढं लिहायचा आकडा) उघडलं की आधी ठरलेला ॲडमिन १२३ (admin123) हा पासवर्ड बदला, पोरं हुशार असतात.

कविता उलट आहे, तुमच्या फोल्डरला हातच लावत नाही, जसं आहे तसं वाचून दाखवतं. पण अट अशी की लायब्ररीच्या मुख्य फोल्डरमधी सुट्ट्या फायली चालत नाहीत, प्रत्येक मालिकेला वेगळं फोल्डर पाहिजे, आणि पीडीएफचं नाव ते बरंचसं फाईलच्या नावावरूनच ओळखतं. ब्राउझरमधला रीडर मात्र भारी, प्रत्येकाचं वाचन कुठवर आलं ते लक्षात ठेवतो, म्हणून पन्नास पोरं असतील तर मी कविताच सांगंन. जाड स्कॅन पीडीएफ स्वस्त मोबाईलवर कुठंबी अडखळणारच. ओपीडीएस (वाचनाच्या ॲपला पुस्तकांची यादी देणारी सोय) दोन्हीत आहे, केओरीडरसारख्या वाचनाच्या ॲपमधी डाउनलोड करून वाचता येतं.

कोमगा मुळात कॉमिक्ससाठी आणि ऑडिओबुकशेल्फ ऑडिओ पुस्तकांसाठी, आपल्याला त्यांची गरज नाही.

आता लाईटीचं. इकडं लाईट कवाबी जाती, रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) मेमरी कार्डवर ठेवून त्यावर डेटाबेस चालवणं म्हंजी दुखणं विकत घेणं. जुना लॅपटॉप बरा, बॅटरी थोडी का असंना जीव धरती. कॅलिबर प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरात ओपीएफ (त्या पुस्तकाची माहिती लिहिलेली) फाईल ठेवतं, डेटाबेस बिघडला तर त्यावरून परत उभा करता येतो. कविताचा डेटाबेस कॉन्फिग (सेटिंगच्या) फोल्डरात असतो, तो गेला तर पुस्तकं जागेवर राहतील पण कोण कुठवर वाचलं ते पुसलं जाईल, म्हणून त्या फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर ठेवा.

घरी किंडल किंवा कोबो आहे, पुस्तकं नीटनेटकी ठेवायची हौस आहे, तर कॅलिबर-वेब. दोन्ही पाहिजे तर कॅलिबरनं लावलेला फोल्डरच कविताला दाखवता येतो, फक्त कॅलिबरमधी केलेली दुरुस्ती आपोआप एपबच्या आत जात नाही, एम्बेड मेटाडेटा दाबावं लागतं, नाहीतर कविता जुनंच नाव दाखवत बसंल.